सातबाऱ्यावर नावं लागली, पण मोबाइल उघडला नाही

(या भागात जे बोललो ते इथे लिहून देतोय. बोलताना तेच तेच आलेलं काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

कुणी जालन्यात ऐकत असाल, कुणी पुण्यात रूमवर पडल्या पडल्या, कुणी गाडीवर हेडफोन लावून. गाडीवर असाल तर आधी थांबा, हेडफोन काढा. नंतर ऐका. आजच्या विषयाचा त्याच्याशी संबंध आहे.

विषय आहे मृत्युपत्र. लगेच बंद करू नका! मला माहितीय, तुमचं वय बावीस-पंचवीस आहे आणि मनात येतंय, "आपलं काय आहे वाटून द्यायला? शेत बापाच्या नावावर, गाडी हप्त्यावर." मीही असंच म्हणायचो. मागच्या वर्षापर्यंत.

माझा आत्तेभाऊ घनसावंगी तालुक्यातला. मी त्याला दादा म्हणायचो. वय चौतीस. स्वतःच्या नावावर दोन एकर मोसंबी. मोबाइलमध्ये मात्र त्याचं सगळं जग होतं. बागेच्या छाटणीचे, फवारणीचे, डिंक्या रोगाचे व्हिडिओ करायचा, यूट्यूब चॅनेल होतं. महिन्याला थोडीफार कमाई यायची. म्युच्युअल फंडात एसआयपी होती. थोडं डिजिटल सोनं होतं. "क्रिप्टो पण घेतलंय थोडं," असं एकदा मला मोंढ्यात चहा पिताना म्हणाला होता. किती, कुठं, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

मागच्या पावसाळ्यात मोटारसायकलचा अपघात झाला आणि दादा गेला. मागे वहिनी, सात वर्षांची मुलगी आणि माझी आत्या.

तेरावं झालं. मग कागदपत्रं सुरू झाली. शेताचं काम तसं सरळ झालं. मृत्यूचा दाखला घेतला, वारसनोंदीचा अर्ज दिला, फेरफार झाला, सातबाऱ्यावर आत्या, वहिनी आणि मुलगी यांची नावं लागली. आपल्याकडे जमिनीची एक गोष्ट चांगली आहे बघा, ती कुठंतरी लिहिलेली असते. गट नंबर असतो, आठ-अ असतो, गावात चार जणांना बांध माहीत असतो. सरकारसुद्धा मागे लागतं. २०२५ मध्ये महसूल विभागानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि मग राज्यभर राबवली. कशासाठी? तर मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला.

मोबाइलमधल्या मालमत्तेसाठी अशी कुठली मोहीम नाही. तिला गट नंबर नाही. तिचा बांध फक्त त्या माणसाच्या डोक्यात असतो.

दादाचा फोन बोटाच्या ठशानं उघडायचा. वहिनीनं पिन टाकून बघितला. मुलीची जन्मतारीख, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर. काहीच लागलं नाही. फोन म्हणाला, थोड्या वेळानं प्रयत्न करा. असं करता करता महिने गेले. त्या गडबडीत सिमचा रिचार्ज कुणाच्याच लक्षात राहिला नाही. नंबर बंद पडला. म्हणजे ओटीपी बंद. म्हणजे ईमेलचं दारही बंद.

आणि आत्या रोज एकच म्हणायची, "पैशाचं राहू द्या रे, मला त्याचा आवाज ऐकायचाय."

शेवटी आवाज मिळाला तो माझ्या फोनमध्ये. त्यानं मला पाठवलेले व्हॉइस मेसेज होते, "अरे येतोस का इकडं, मोसंबी उतरवायला लागलोत," असले. ते आत्याला ऐकवले. म्हणजे त्याच्या फोनमधलं काहीच मिळालं नाही, मिळालं ते फक्त त्यानं दुसऱ्याला पाठवलेलं.

पैशाचंही तसंच. दिवाळीनंतर मी वहिनीसोबत बँकेत गेलो आणि पासबुक छापून घेतलं. दोन वर्षांच्या नोंदी एकदम छापून आल्या. त्यात मे महिन्याच्या शेवटी दोन छोट्या रकमा कापलेल्या दिसल्या. ४३६ रुपये आणि २० रुपये. तुमच्याही पासबुकात असतील, बघा. ४३६ रुपये म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा, २ लाखांचा. २० रुपये म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. दादानं कधीतरी बँकेच्या ॲपमध्ये दोन बटणं दाबली होती आणि घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही दोन्ही दावे भरले. पोलिसांचे कागद, शवविच्छेदनाचा अहवाल, सगळं लावलं. पैसे मिळाले. पण ते आमच्या हुशारीनं नाही, छापलेल्या पासबुकामुळं मिळाले. त्याच पासबुकात एसआयपीचा हप्ता दिसला, म्हणून म्युच्युअल फंडही सापडला. क्रिप्टो अजून सापडलेलं नाही. सापडेल असं वाटतही नाही.

म्हणून आज मी एकच गोष्ट सांगायला बसलोय. तुमच्याकडे कमी असो की जास्त, ते कुठं आहे हे घरच्यांना कळलं पाहिजे आणि ते कुणाचं व्हावं हे कागदावर असलं पाहिजे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक यादी, एक मृत्युपत्र. आणि या दोघांच्या मधे एक तिसरा येतो, त्याचं नाव नॉमिनी. लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून आधी त्याच्यावर बोलू.

नॉमिनी म्हणजे मालक नाही

‘कालनिर्णय’ तुमच्या घरी भिंतीवर असेलच. त्याचे संस्थापक ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या म्युच्युअल फंडांना आणि ठेवींना नॉमिनी लावलेले होते. प्रश्न उभा राहिला की हे पैसे नॉमिनीचे, की वारसांचे? प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, तिथून सुप्रीम कोर्टात. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला. कोर्टानं सांगितलं की नॉमिनेशन हा वारसा ठरवण्याचा तिसरा मार्ग नाही. मालमत्ता जाते ती मृत्युपत्रानुसार, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्यानुसार.

साध्या भाषेत सांगतो. नॉमिनी म्हणजे बाजारातून आणलेली पिशवी घरापर्यंत पोचवणारा. पिशवी त्याच्या हातात दिली म्हणून आतला भाजीपाला त्याचा होत नाही.

मग नॉमिनी लावायचाच नाही का? तसं नाही. जरूर लावायचा! नॉमिनी असला की पैसे बँकेतून किंवा फंडातून लवकर बाहेर येतात. नसला तर वारसांना जास्तीचे कागद लागतात, आणि रक्कम मोठी असेल तर दिवाणी कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणायला सांगतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. डिमॅट आणि म्युच्युअल फंडाला दहा जणांपर्यंत. एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी पीएफचं ई-नॉमिनेशन बघा. लग्नाआधी भरलं असेल तर लग्नानंतर नव्यानं भरा. पीएफसोबतच ७ लाखांपर्यंतचा विमा असतो, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

"माझं लग्नच झालं नाही, मला काय गरज?"

हा प्रश्न मला नेहमी येतो. ऐका. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. मृत्युपत्र नसेल तर पुरुषाची मालमत्ता आधी पहिल्या वर्गाच्या वारसांना जाते. त्यात बायको, मुलगा, मुलगी आणि आई. वडील त्यात नाहीत! म्हणजे लग्न न झालेला मुलगा गेला आणि आई हयात असेल, तर सगळं आईला. वडिलांचं नाव नंतरच्या वर्गात येतं. तुमच्या शिक्षणासाठी बहिणीनं पैसे दिले असतील, तरी आई असताना तिला काही नाही. हे तुम्हाला मान्य असेल तर ठीक. नसेल तर लिहावं लागेल.

मुस्लिम मित्रमैत्रिणींसाठी नियम वेगळे आहेत. साधारणपणे मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येतं, आणि वारसालाच द्यायचं असेल तर बाकी वारसांची संमती लागते. यादीचं काम मात्र सगळ्यांना सारखंच.

मृत्युपत्र कसं करायचं?

लोकांना वाटतं की स्टॅम्प पेपर लागतो, वकील लागतो, मोठा खर्च लागतो. साध्या कागदावर चालतं. मराठीत चालतं. स्टॅम्प ड्युटी नाही. वय अठरा पूर्ण हवं आणि डोकं ठिकाणावर हवं. खाली तुमची सही, आणि तुम्हाला सही करताना बघणारे दोन साक्षीदार, त्यांच्याही सह्या. ज्याला मालमत्ता देताय त्यालाच साक्षीदार करू नका, उगीच शंकेला जागा राहते. नोंदणी सक्तीची नाही, पण भाऊबंदकीची भीती असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून टाका. गुंतागुंत असेल तर वकिलाला दाखवा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला, स्वतःलाच व्हॉट्सॲप पाठवून ठेवला किंवा पीडीएफवर डिजिटल सही केली, तर ते मृत्युपत्र होत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं, म्हणजे २००० च्या आयटी ॲक्टनं, मृत्युपत्र स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवलंय. म्हणजे ऑनलाइन मालमत्तेसाठीसुद्धा कागद आणि पेनच!

त्या कागदात डिजिटल भाग कसा लिहायचा? साधारण असा:

"माझ्या नावावरील म्युच्युअल फंड, शेअर, डिजिटल सोने, क्रिप्टो, ऑनलाइन खाती, यूट्यूब चॅनेल व त्याचे उत्पन्न, तसेच माझा मोबाइल, लॅपटॉप व त्यातील फोटो, व्हिडिओ आणि इतर माहिती माझ्या पश्चात अमुक हिला मिळावी. यांची यादी मी वेगळी ठेवली आहे. हे काम करण्यासाठी मी अमुक यांना व्यवस्थापक नेमत आहे."

व्यवस्थापक असा निवडा की ज्याला ॲप वगैरे समजतं आणि ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे.

आणि पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका. मृत्युपत्र पुढे कोर्टात, कार्यालयात, चार वारसांच्या हातात फिरतं. शिवाय पासवर्ड दर दोन-चार महिन्यांनी बदलतात. प्रत्येक वेळी मृत्युपत्र नव्यानं करणार का?

यादीत काय लिहायचं?

वहीचं एक पान घ्या. तीन भाग करा.

पहिला भाग पैशाचा. बँक खाती, यूपीआय ॲप, डिमॅट, म्युच्युअल फंड, पीएफचा यूएएन नंबर, विमे, ते ४३६ आणि २० वाले पण, डिजिटल सोनं, क्रिप्टो. क्रिप्टो एक्स्चेंजवर असेल तर एक्स्चेंजचं नाव लिहा. स्वतःच्या वॉलेटमध्ये असेल तर त्याचे बारा किंवा चोवीस शब्द कुठं ठेवलेत ते लिहा. क्रिप्टोवर २०२२ पासून ३० टक्के कर लागतो, मद्रास हायकोर्टानं २०२५ मध्ये क्रिप्टोला मालमत्ता मानलं. कायद्यानं ती तुमच्या वारसाचीच. पण ते शब्द हरवले तर कुठलंच कोर्ट ते वॉलेट उघडून देऊ शकत नाही.

याच भागात देणंही लिहा. लोन ॲप, हप्त्यावर घेतलेला फोन, उसने घेतलेले. घरचे घाबरतात, वसुलीवाले फोन करतात. घरच्यांना एवढं सांगून ठेवा की मयताचं कर्ज वारसांकडून वसूल होतं ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार असतील तर गोष्ट वेगळी.

दुसरा भाग कमाईचा. यूट्यूब, इन्स्टाग्राम पेज, वेबसाइट, ऑनलाइन दुकान. कुठल्या ईमेलवर चालतं, पैसे कुठल्या खात्यात येतात, ते लिहा.

तिसरा भाग आठवणींचा. फोटो कुठं आहेत, कुणाला द्यायचे. आणि काय उघडायचं नाही, काय पुसून टाकायचं, तेही लिहा. यात लाजू नका. प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतःपुरतं काहीतरी असतं. आपल्या मागे काय राहू नये हे ठरवायचा हक्कही आपलाच आहे.

यादीत सगळे पासवर्ड लिहायची गरज नाही. तीन किल्ल्या पुरतात. फोनचा पिन, मुख्य ईमेलचा पासवर्ड, आणि त्या ईमेलचे बॅकअप कोड. हे वेगळ्या पाकिटात बंद करून आईच्या लोखंडी कपाटात, नाहीतर विश्वासाच्या माणसाकडे. पाकीट कुठं आहे, हे दोन जणांना माहीत असू द्या.

फोनमध्येच करून ठेवायच्या गोष्टी

गूगल अकाउंटमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. २०१३ पासून आहे, कुणी उघडत नाही. तुम्ही ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं नाही तर काय करायचं, हे आधीच सांगून ठेवता येतं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. कुणाला फक्त फोटो, कुणाला यूट्यूब, असं वाटूनही देता येतं. नंतर खातं पुसून टाका, असंही सांगता येतं. हे आवश्यक आहे, कारण दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. दादानं हे पाच मिनिटांचं काम केलं असतं, तर आज त्याचे फोटो आत्याकडे असते.

आयफोन असेल तर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ लावा. त्या माणसाला एक किल्ली मिळते, ती आणि मृत्यूचा दाखला दिला की त्याला तुमचे फोटो वगैरे बघता येतात. फेसबुकवरही लेगसी कॉन्टॅक्ट आहे. डिजिलॉकरमध्येही नॉमिनी लावता येतो.

कायद्याचं म्हणाल, तर जर्मनीत २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं निकाल दिला. बर्लिनमध्ये पंधरा वर्षांची मुलगी रेल्वेखाली गेली होती. आईवडिलांना तिचं फेसबुक खातं बघायचं होतं, काय झालं ते समजून घ्यायला. कोर्टानं सांगितलं की पत्रं आणि डायऱ्या वारसांना मिळतात, तसंच हे खातं. पण मुलगी गेली २०१२ मध्ये आणि निकाल आला सहा वर्षांनी. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम १४ आहे. आपल्या माघारी आपल्या डेटाबाबतचे हक्क कोण वापरेल, त्याला नेमायची सोय त्यात ठेवलीय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं होणार आहे. तोपर्यंत कोर्टाची वाट बघण्यापेक्षा आज पाच मिनिटं दिलेली बरी.

आणि घरात कुणी गेलं, तर?

तीन गोष्टी सांगतो, त्या आम्ही चुकलो.

एक, सिम चालू ठेवा. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो, आणि नंतर तो दुसऱ्याच माणसाला दिला जाऊ शकतो. दुखवट्यात रिचार्ज आठवत नाही, म्हणून हे काम एका माणसाकडे द्या. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा देऊन नंबर वारसाच्या नावावर करून घ्यायची विनंती करता येते.

दोन, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा आणि दाखल्याच्या जास्त प्रती काढा. प्रत्येक ठिकाणी लागतात.

तीन, फोन उघडला तरी त्यातून यूपीआयनं पैसे काढू नका. "आपलेच तर पैसे आहेत," असं वाटतं. पण माणूस गेला की त्याच्या खात्यावर व्यवहार करायचा अधिकार कुणालाच उरत नाही. उद्या दुसरा वारस तक्रार करू शकतो. बँकेला कळवा आणि रीतसर दावा करा. पासबुक मात्र आधी छापून घ्या, आमच्यासारखं दिवाळीची वाट बघू नका. जुन्या, विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल २०२३ पासून आहे, तिथंही नाव टाकून बघा.

बस, एवढंच सांगायचं होतं.

मी स्वतः काय केलं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल लोकांना सांगतो आणि आपण कोरडा. मी यादी केली. एका रविवारी आईला शेजारी बसवून केली. आई म्हणाली, "असलं अभद्र कशाला लिहितोस रे?" मी म्हटलं, "आई, पीकविमा काढतो म्हणजे गारपीट बोलवतो का आपण?" ती हसली नाही. पण थोड्या वेळानं आत गेली आणि तिच्या पोस्टाच्या खात्याचं पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "यात पण नॉमिनी बघ बरं कोण आहे." तिथं माझ्या आजोबांचं नाव होतं. ते जाऊन अकरा वर्षं झाली.

तुमच्याही घरात असं एखादं पुस्तक असेल. आज संध्याकाळी आईला नाहीतर बाबांना विचारा, आणि त्यांचं बघता बघता स्वतःचंही लिहून टाका.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, आणि काही अडलं तर मला लिहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हो, गाडीवर हेल्मेट घाला. नमस्कार.